नवा लॅपटॉप, जुन्या नोंदी : संगणक बदलताना घ्यावयाची काळजी

तागावरील उंटअळीच्या निरीक्षणांचा एक तक्ता तपासत असताना एका ओळीवर माझी नजर थबकली. त्या ओळीत ६ ऑक्टोबर रोजी तागाच्या शेंड्याकडील पाने अळीने खाल्ल्याची नोंद होती. दक्षिण बंगालमध्ये ताग साधारणतः मार्च ते मे या काळात पेरला जातो आणि सुमारे चार महिन्यांनी कापला जातो. ज्या शेताची ती नोंद होती, तेथे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तागाचे एकही झाड नव्हते; अमन हंगामाचा भात उभा होता. पेन्सिलीने लिहिलेली क्षेत्रवही काढून पाहिली, तेव्हा निरीक्षणाची खरी तारीख १० जून असल्याचे स्पष्ट झाले.

क्षेत्रातून आलेल्या फाइलमध्ये तारीख १०/०६ अशी होती. काही दिवसांपूर्वीच मी नव्या लॅपटॉपवर काम सुरू केले होते आणि त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची राहून गेली होती. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. संगणकाने त्या नियमानुसार १०/०६ चा अर्थ ‘ऑक्टोबरची ६ तारीख’ असा लावला. कोणतीही सूचना नाही, लाल खूण नाही. मी फाइल जतन केली आणि चूक कायम झाली.

ही चूक सापडली, कारण ऑक्टोबरात ताग नसतो. परंतु त्याच तक्त्यात ६ जुलैची नोंद ७ जून झाली होती, आणि ७ जूनला शेतात ताग असतो, अळीही असू शकते. ती ओळ कोणालाही खटकली नसती. लॅपटॉप बदलताना बहुतेकांचे लक्ष नव्या पडद्यावर, बदललेल्या बटणांवर आणि वेगावर असते. त्या गोष्टींची सवय आठवडाभरात होते. नोंदींमध्ये शिरलेली चूक मात्र वर्षानुवर्षे राहते आणि पुढे शिफारशींपर्यंत पोहोचते. म्हणून विस्तार कार्यकर्ते आणि स्वतःच्या नोंदी संगणकावर ठेवणारे प्रगतिशील शेतकरी यांच्यासाठी संगणक बदलण्याची एक क्रमवार पद्धत येथे मांडत आहे.

बदल आता का?

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी जुने संगणक बंद पडले नाहीत. परंतु नव्याने सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटींची दुरुस्ती त्यांना मिळणे थांबले. घरगुती वापरकर्त्यांना विस्तारित सुरक्षा योजनेत नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. त्यानंतर तो मार्गही बंद होतो.

दुरुस्ती न मिळणारा संगणक इंटरनेटशी जोडलेला ठेवणे म्हणजे जाळी फाटलेल्या कीटकगृहात प्रयोग करण्यासारखे आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच प्रसिद्ध झालेली होती. फटका बसला तो प्रामुख्याने ती न बसवलेल्या संगणकांना.

जुना लॅपटॉप विंडोज ११ स्वीकारेल की नाही, हे ‘पीसी हेल्थ चेक’ या मोफत साधनाने तपासता येते. या प्रणालीला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, ६४ बिट प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. इंटेल प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. कोलकात्याच्या चांदनी बाजारात काय किंवा पुण्या-नागपुरात काय, वापरलेले कार्यालयीन लॅपटॉप कमी किमतीत मिळतात. ते घेताना ही पिढी अवश्य विचारावी. दिसायला उत्तम असलेला सहाव्या पिढीचा लॅपटॉप विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. किमान मर्यादा आणि सुखाने काम होणे यांतही अंतर आहे. नवा घ्यायचाच असेल तर ८ जीबी, शक्य असल्यास १६ जीबी स्मृती आणि एसएसडी साठवण असलेला घ्यावा.

दुसरा मार्ग लिनक्सचा. उबुंटूची दीर्घकालीन पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून तयार केलेली ‘बॉस लिनक्स’ ही प्रणालीही उपलब्ध आहे. यांतील बहुतेक प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. लॅपटॉपवरील मूळ प्रणालीला हात लावावा लागत नाही. वायफाय, प्रिंटर आणि मराठी कळफलक नीट चालतात का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

यंत्र बदलण्याचा जुना अनुभव

कोलकात्यात हा विषय लिहिताना बरानगर येथील भारतीय सांख्यिकी संस्थेची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राचे नमुना-सर्वेक्षण हाती घेतले. भारतातील पीक-सर्वेक्षणाच्या शास्त्राचा पाया अशा कामातून घातला गेला. याच संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास ‘एचईसी-२एम’ हा ब्रिटनहून आणलेला, देशातील पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक बसला. काही वर्षांतच तेथे ‘उराल’ हा सोव्हिएत संगणक आला. त्या काळी आज्ञावली त्या त्या यंत्राच्या भाषेत लिहावी लागे. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. यंत्र बदलले की ती नव्याने लिहावी लागे. सर्वेक्षणाचे आकडे मात्र कागदावर होते आणि कोणत्याही यंत्राला देता येत होते.

याच शहरात भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे मुख्यालय आहे. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाच्या संग्रहातील कीटकांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. टाचणीवरील कीटकाचे शास्त्रीय मोल त्याखालच्या चिमुकल्या चिठ्ठीत असते : कोठे सापडला, कधी सापडला, कोणी गोळा केला. चिठ्ठी हरवली तर तो केवळ एक सुंदर कीटक उरतो. संगणकातील नोंदींचेही तसेच आहे. लॅपटॉप बदलताना फाइली नेणे सोपे असते. त्यांवरील ‘चिठ्ठ्या’, म्हणजे तारीख, स्थळ आणि लिपी, शाबूत नेणे हे खरे काम आहे.

बदलण्यापूर्वी : यादी आणि तीन प्रती

जुना लॅपटॉप चालू स्थितीत असतानाच एका कागदावर चार स्तंभांची यादी करावी. पहिल्या स्तंभात वापरातील सॉफ्टवेअर, दुसऱ्यात त्यांचे परवाने किंवा खाती, तिसऱ्यात जोडली जाणारी उपकरणे आणि चौथ्यात फाइलींची ठिकाणे. उपकरणांमध्ये प्रिंटर आणि स्कॅनरबरोबर सूक्ष्मदर्शकाचा कॅमेरा, हवामान-नोंदयंत्र आणि ई-निविदेसाठी वापरली जाणारी डिजिटल स्वाक्षरीची कळ यांचीही नोंद करावी. या प्रत्येकाला ड्रायव्हर लागतो, आणि जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीसाठी उपलब्ध असेलच असे नाही. खरेदीपूर्वीच उत्पादकाच्या संकेतस्थळावर हे पाहून घ्यावे.

फाइलींची ठिकाणे शोधताना डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन कोपरे विसरू नयेत. कामाच्या निम्म्या गोष्टी तेथेच पडलेल्या असतात. ब्राउझरमधील खुणा आणि साठवलेले पासवर्ड, ईमेलची संगणकावर उतरवलेली फाइल आणि वेगळे बसवलेले फाँट हेही यादीत असावेत.

बॅकअपसाठी ‘तीन-दोन-एक’ हा नियम सोपा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी. लॅपटॉपमधील मूळ प्रत, बाह्य डिस्कवरील दुसरी आणि क्लाउडवर किंवा अन्य गावच्या कार्यालयात ठेवलेली तिसरी, अशी ही व्यवस्था होते. कोलकात्याच्या किंवा कोकणाच्या पावसाळी दमटपणात बाह्य डिस्क कपाटात उघडी ठेवू नये. कीटक-संग्रहाच्या पेटीत ठेवतो तशी सिलिका जेलची पुडी घालून ती हवाबंद डब्यात ठेवावी.

बाह्य डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे, हेही पाहावे. एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅकवर वाचता येते. पण मूळ स्थितीत तिच्यावर लिहिता येत नाही. एफएटी३२ पद्धतीच्या डिस्कवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालावयाचे असेल तर एक्सएफएटी ही पद्धत सोयीची ठरते.

नकल झाल्यावर काम संपले असे समजू नये. बाह्य डिस्कवरील दहा-बारा फाइली, शक्य तर दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही उगवणशक्ती न तपासलेल्या बियाण्यासारखी असते.

पहिल्या दिवसाच्या चार मांडण्या

नवा लॅपटॉप सुरू केल्यावर फाइली आणण्यापूर्वी पुढील चार गोष्टी कराव्यात.

१) प्रादेशिक मांडणी. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ या विभागात भाषा आणि प्रदेश हा पर्याय आहे. तेथे प्रादेशिक स्वरूप ‘इंग्लिश इंडिया’ निवडावे. एक्सेल तारखेचा अर्थ लावताना याच मांडणीचा आधार घेते. लिबरऑफिसमध्ये ही मांडणी स्वतंत्रपणे, पर्यायांतील भाषा विभागात, करता येते.

२) कुलपाची किल्ली. अनेक नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्कचे सांकेतिकीकरण आपोआप सुरू होते. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगले आहे. परंतु दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला, तर संगणक ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागतो. ती सहसा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. खात्यात जाऊन ती पाहावी, कागदावर उतरवावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता कार्यालयाच्या कपाटात ठेवावा. किल्ली नसेल तर डिस्कवरील नोंदी कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

३) क्लाउडची साठवण. विंडोज ११ मध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे कप्पे वनड्राइव्हशी जोडले गेलेले असू शकतात. मोफत जागा ५ जीबी असते. छायाचित्रांनी ती दोन दिवसांत भरते आणि पुढील फाइली वर चढणे थांबते. कोणते कप्पे क्लाउडवर जावेत, हे आपण ठरवावे. क्लाउडशी जोडलेल्या कप्प्यातील फाइल पुसली की ती दोन्हीकडून जाते, हेही लक्षात असावे.

४) अद्ययावतीकरण. प्रलंबित सर्व दुरुस्त्या उतरवून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. गावात इंटरनेट मंद असेल तर हे काम तालुक्याच्या ठिकाणी किंवा कार्यालयात उरकून घ्यावे.

मराठी मजकूर : जुन्या फाँटातून युनिकोडकडे

मराठी कार्यालयांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फाइली बहुधा श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत आहेत. अशा फाइलीत संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरांचे किंवा चिन्हांचे संकेत साठवलेले असतात. फाँट केवळ त्यांना मराठी रूप देतो. नव्या लॅपटॉपवर तो फाँट नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हे दिसतात.

फाइल कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखण्याची सोपी कसोटी आहे. थोडा मजकूर निवडून त्याचा फाँट निर्मला यूआय किंवा मंगल करावा. मजकूर मराठीच राहिला तर तो युनिकोडमध्ये आहे. चिन्हांचा गोंधळ झाला तर जुन्या फाँटात आहे. जुन्या फाँटातील प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ प्रत जुन्या लॅपटॉपवरच करून घ्यावी. ती वाचण्यासाठी कायम उपयोगी पडते. त्यानंतर कन्व्हर्टरने युनिकोड प्रत तयार करावी आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासावी.

ही तपासणी शुद्धलेखनापुरती नाही. साधा कन्व्हर्टर सर्व मजकूर जुन्या फाँटातीलच आहे असे मानतो. त्यामुळे मधेच इंग्रजी फाँटात लिहिलेली कीटकांची शास्त्रीय नावे, कंस आणि दशांश चिन्हे बदलून जातात. कृतिदेवमध्ये पूर्णविरामाच्या कळीवर ‘ण’चे अर्धे रूप आहे, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. फवारणीच्या मात्रेतील १.५ मिलि या आकड्याचा दशांश बिंदू हरवला, तर शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पत्रकात १५ मिलि उमटेल. म्हणून मात्रा, टक्केवारी आणि तारखा असलेली प्रत्येक ओळ मूळ पीडीएफशी ताडून पाहावी. हे काम दोघांनी करावे : एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पाहावे.

नव्या लेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकणे हिताचे आहे. तो विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड या सर्वांवर मिळतो. त्यामुळे पुढे पुन्हा प्रणाली बदलली तरी बोटांची सवय वाया जात नाही. डाव्या हाताकडे स्वर, उजव्या हाताकडे व्यंजने, अशी त्याची रचना आहे. ‘जे’ या कळीवर ‘र’ असून शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो; ‘एन’वर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द लिहिताना हा ‘ऱ’ लागतो. हीच रचना इतर भारतीय लिप्यांनाही लागू आहे. येथील बंगाली सहकारी ज्या कळीवर बंगाली ‘क’ लिहितात, त्याच कळीवर आपला ‘क’ असतो. युनिकोडच्या तक्त्यातही देवनागरी आणि बंगाली हे विभाग एकमेकांना लागूनच आहेत. ज्यांना इंग्रजी उच्चारानुसार लिहिण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलकही आहे. विंडोजवर भाषा बदलण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबावे.

तारखा : सर्वांत मोठा धोका

आता मूळ दुखण्याकडे वळू. तारीख दोन प्रकारे साठवली जाते. एक्सेलच्या स्वतःच्या स्वरूपातील फाइलीत तारीख हा एक अनुक्रमांक असतो. संगणक बदलल्याने तो बदलत नाही, फक्त दिसण्याची पद्धत बदलू शकते. सीएसव्ही फाइलीत मात्र तारीख हा साधा मजकूर असतो आणि उघडणारा संगणक आपल्या मांडणीनुसार तिचा अर्थ लावतो. मोबाइल अॅपमधून किंवा नोंदयंत्रातून येणाऱ्या फाइली बहुधा याच प्रकारच्या असतात. चुकीची मांडणी असलेल्या संगणकावर हाताने टंकलेल्या तारखांनाही हाच धोका आहे.

वर्षाच्या ३६५ दिवसांचा हिशेब केला तर ही चूक किती फसवी आहे ते दिसते. १३ ते ३१ तारखांचे २२१ दिवस अमेरिकी मांडणीत तारीख म्हणून बसतच नाहीत, कारण तेरावा महिना नसतो. ते मजकूर म्हणून पडून राहतात आणि महिनानिहाय सरासरी काढताना गळतात. १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ दिवसांना काही होत नाही. उरलेले १३२ दिवस मात्र मुकाट्याने दुसऱ्याच महिन्यात जातात.

कापसाचे उदाहरण घेऊ. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रति सापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. १० सप्टेंबर रोजी, म्हणजे ३७ व्या हवामान आठवड्यात, ही पातळी ओलांडली गेली असे समजा. तारीख उलटली तर तीच नोंद ९ ऑक्टोबरला, ४१ व्या आठवड्यात दिसेल. दोन्ही काळांत शेतात कापूस असतो, दोन्ही काळांत पतंग सापडू शकतात. कोणाला शंका येणार नाही. परंतु सल्ला चार आठवडे उशिराचा ठरेल, आणि तोवर अळी बोंडात शिरलेली असेल. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्पाद्वारे कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याची व्यवस्था उभी राहिली आहे. अशा कोणत्याही व्यवस्थेचा कणा म्हणजे योग्य आठवड्यात पडलेली नोंद.

स्प्रेडशीटने शास्त्रज्ञांना फसवल्याचे जगभर गाजलेले उदाहरणही आहे. मानवी जनुकांची ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ अशी संक्षिप्त नावे एक्सेलमध्ये टंकताच १ मार्च आणि १ सप्टेंबर बनत. २०१६ मधील एका अभ्यासात जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या सुमारे एक पंचमांश शोधनिबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप होणारे रूपांतर थांबवण्याचा पर्याय आला. दिवस-महिन्याची अदलाबदल मात्र त्याने टळत नाही. ती आपणच टाळावी लागते. त्यासाठी पुढील सवयी पुरेशा आहेत.

• तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी, उदाहरणार्थ २०२५-०९-१०. हा आंतरराष्ट्रीय मानक क्रम असून त्याचे दोन अर्थ होत नाहीत. फाइलींच्या नावांतही हाच क्रम ठेवल्यास त्या आपोआप कालानुक्रमे लागतात.

• सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडू नये. एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून ती आयात करावी, तारखेच्या स्तंभाचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगावा आणि लिपीसंकेत यूटीएफ-८ निवडावा. असे केल्याने मराठीतील शेतकऱ्यांची व गावांची नावेही बिघडत नाहीत.

• स्तंभाची रुंदी वाढवून पाहावे. मूळ मांडणीत खरी तारीख चौकटीच्या उजव्या कडेला आणि मजकूर डाव्या कडेला चिकटतो. एकाच स्तंभात दोन्ही दिसले तर तेथेच थांबावे.

• हवामान आठवड्याचा स्वतंत्र स्तंभ क्षेत्रातच, हाताने भरावा. तारीख आणि आठवडा जुळत नसतील तर चूक लगेच उघडी पडते.

• क्षेत्रातून आलेली मूळ फाइल कधीही बदलू नये. तिची नकल करून त्या नकलेवर काम करावे.

छायाचित्रे आणि जुनी सॉफ्टवेअर

कीड-ओळखीसाठी काढलेल्या छायाचित्रात काढल्याची वेळ, आणि सोय सुरू असल्यास स्थळही, फाइलीच्या आत नोंदलेले असते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्रातून ही माहिती निघून जाते आणि चित्राचा दर्जाही घटतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवरून किंवा फोनमधून नव्यावर छायाचित्रे नेताना तारेने किंवा बाह्य डिस्कने न्यावीत. नकल केल्यावर फाइलीची ‘निर्मितीची तारीख’ नकल केल्याच्या दिवसाची दिसते. घाबरू नये, चित्रे ‘काढल्याची तारीख’ या निकषावर लावावीत.

कृषी विद्यापीठांत शिकलेल्या आमच्या पिढीतील अनेकांनी प्रयोगांचे विश्लेषण एमस्टॅट-सी या डॉस काळातील सॉफ्टवेअरवर केले आहे. सोळा बिटांची अशी सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांतच येते. डॉसबॉक्स या मोफत साधनात ती चालवता येतात. तरीही त्यातील आकडे साध्या मजकूर-फाइलीत काढून ठेवणे श्रेयस्कर. पुढील कामासाठी आर ही मोफत प्रणाली विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने विकसित केलेले ‘वास्प’ आणि हिसार येथील कृषी विद्यापीठाचे ‘ऑपस्टॅट’ ही साधने ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे लॅपटॉपवर कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही.

लिनक्सकडे जाणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. तेथे फाइलीच्या नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. विंडोजवर एकच समजली जाणारी दोन नावे लिनक्सवर दोन वेगळ्या फाइली ठरतात. नावे सुरुवातीपासून लहान अक्षरांतच ठेवावीत.

जुन्याला निरोप देण्यापूर्वी

जुना लॅपटॉप लगेच विकू किंवा कोणाला देऊ नये. किमान एक महिना, आणि शक्य असेल तर एक पूर्ण हंगाम, तो तसाच ठेवावा. एखादा अहवाल, एखादा फाँट, एखादा पासवर्ड तेथेच राहिल्याचे हंगामाच्या मध्यावर आठवते. दोन्ही लॅपटॉपवर एकाच वेळी काम मात्र करू नये. कोणती फाइल अद्ययावत आहे हे नंतर कळेनासे होते. बदलाचा दिवस ठरवावा आणि त्यानंतर जुन्यावर फक्त वाचन करावे. हा दिवस फवारणी-सल्ल्यांच्या किंवा पंचनाम्यांच्या धामधुमीत नसावा.

निरोप देताना त्यातील सर्व खात्यांतून बाहेर पडावे आणि विंडोजच्या पुनर्स्थापनेत ‘सर्व काही काढा’ व ‘डेटा स्वच्छ करा’ हे पर्याय निवडावेत. केवळ फाइली पुसल्याने त्या नष्ट होत नाहीत, आणि आपल्या फाइलींत शेतकऱ्यांचे दूरध्वनी, गट क्रमांक आणि बँक तपशील असू शकतात. बंद पडलेला लॅपटॉप भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम लागू आहेत.

माझा तक्ता दुरुस्त करण्यास दोन दिवस लागले. ते शक्य झाले, कारण क्षेत्रवही जपलेली होती आणि मूळ फाइल बाह्य डिस्कवर न बदललेल्या स्थितीत होती. या दोन्हींपैकी एकही नसते, तर त्या हंगामाच्या जून-जुलैच्या नोंदी मला विश्वासाने वापरता आल्या नसत्या, आणि त्या तशाच वापरल्या असत्या तर उंटअळी प्रत्यक्षात येते त्याहून महिनाभर आधी येते, असा निष्कर्ष कदाचित निघाला असता. नवा लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्यास म्हणून एकच सुचवावेसे वाटते : पहिल्या दिवशी जुन्या क्षेत्रवहीतील कोणत्याही दहा नोंदी घ्याव्यात, त्या नव्या संगणकावर उघडाव्यात आणि तारीख, गाव व आकडा ओळीने ताडून पाहावा. दहाही जुळल्या, की मग निश्चिंतपणे कामाला लागावे.